मुंबईतली रिकामी घरे: कुलूप का लागते आणि ते कशाने निघते

संध्याकाळी आठच्या सुमाराला घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा पनवेलकडच्या एखाद्या नव्या संकुलासमोर उभे राहून उजेड असलेल्या खिडक्या मोजून पाहा. ताबा देऊन तीन-चार वर्षे झालेल्या इमारतीतही मजल्यामागून मजले काळोखात दिसतात. तिथून दोन किलोमीटरवरच्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे पाळीपाळीने झोपत असतात. हे पाहिले की कोणालाही एकच प्रश्न पडतो: ही माणसे त्या घरांत का जात नाहीत?

आधी आकडे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पक्की मोजणी २०११ चीच आहे. तिच्यानुसार देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने हेच आकडे मांडले, तेव्हा महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता, २० लाखांहून अधिक घरांसह. शहरांमध्ये मुंबई पहिली, सुमारे ४ लाख ८० हजार. आता दुसरी बाजू. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ साली शहरांतली घरटंचाई १ कोटी ८८ लाख काढली. त्यात बेघर कुटुंबे होती साधारण सव्वापाच लाख. सुमारे ८० टक्के टंचाई होती दाटीची, म्हणजे डोक्यावर छप्पर आहे पण एका खोलीत दोन संसार आहेत. आणि ही टंचाई जवळजवळ सगळी, सुमारे ९६ टक्के, अत्यल्प व अल्प उत्पन्न गटातली.

या दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘घरे पुरेशी आहेत, फक्त वाटप चुकले आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. तसे ते नाही. एक तर जनगणनेच्या ‘रिकाम्या घरा’त बंद दुकान, गाळा, गोदामही येते. दुसरे म्हणजे, रिकामे घर आणि घर शोधणारा माणूस एकाच बाजारात भेटत नाहीत. घर ८० लाखांचे असते, माणसाची ऐपत महिना सात-आठ हजार भाड्याची असते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: प्रत्येक कुलपामागचे कारण वेगळे आहे. गिरगावातली बंद खोली, पनवेलमधला बंद फ्लॅट आणि माहुलची ओसाड इमारत या तिन्हींवर एकच उपाय चालत नाही. आजवरची बरीच धोरणे इथेच फसली.

गिरगाव, लालबागची बंद खोली

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली म्हणून ती गोठवण्यात आली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाण भाडे धरले. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा पुन्हा पुन्हा मुदत वाढवत पन्नास वर्षे राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात भाडे असे गोठवून ठेवणे आता अवाजवी झाले आहे, असे स्पष्ट सांगितले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाडेवाढ आहे वर्षाला ४ टक्के. पण मूळ भाडेच जिथे काही रुपयांत, तिथे ४ टक्क्यांनी काय होणार? आजही अनेक चाळींत महिन्याचे भाडे काही शे रुपयांत आहे.

त्याचे परिणाम सगळ्या मुंबईने पाहिले. एवढ्या भाड्यात मालक इमारत दुरुस्त करू शकत नाही, करतही नाही. पागडीची पद्धत रुजली. खोली विकताना भाडेकरू मोठी रक्कम घेतो आणि प्रथेप्रमाणे साधारण एक तृतीयांश मालकाला देतो. २००० नंतर तर पागडीला कायद्यानेच मान्यता मिळाली. आणि सोडून गेलेले कुटुंब खोली सोडत नाही. हिशेब साधा आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीचे भाडे महिना २०० रुपये. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत, असेल आणि कधीतरी पुनर्विकासाला गेली, तर भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळणार. वर्षाला २,४०० रुपये भरून दक्षिण मुंबईतल्या घराचा हक्क राखता येत असेल, तर कोण सोडेल? मुले डोंबिवलीला किंवा बोरिवलीला गेली, आईवडील गावी गेले, खोलीला कुलूप लागले.

कायद्यात याला उत्तर आहे. योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालक त्या कारणावर ताबा मागू शकतो. पण दावा लघुवाद न्यायालयात चालतो, अपिले होतात, पिढी निघून जाते. वापर सिद्ध करायला वीजबिल हा मुख्य पुरावा ठरतो, म्हणून गणपतीत चार दिवस येऊन दिवा लावणे, पंखा फिरवणे आणि बिल नियमित भरणे हेही ओघाने आलेच. या खोल्यांवर रिकाम्या घराचा कर बसवून काही साधणार नाही. इथली गाठ पुनर्विकासाने सुटते. इमारत उभी राहिली, खोलीचे घर झाले, मालकी स्पष्ट झाली, की ते विकता येते, भाड्याने देता येते. जितका पुनर्विकास रखडतो, तितकी कुलपे टिकतात.

या जुन्या कायद्याचा आणखी एक परिणाम आहे, जो आजच्या नव्या फ्लॅटपर्यंत येऊन पोचतो. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न मिळता ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, राहत असलेली माणसे एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाली. ज्या मालकांनी अकरा महिन्यांसाठी म्हणून जागा दिली होती, त्यांना ती कायमची गेल्यासारखी झाली. या गोष्टीला पन्नास वर्षे उलटली, कायदा बदलला, तरी ‘भाडेकरू ठेवला की जागा गेली’ ही भीती मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरात वडिलांकडून मुलाकडे आली आहे. १९६१ साली शहरांतली निम्म्याहून जास्त घरे भाड्याची होती, २०११ मध्ये ते प्रमाण २८ टक्क्यांवर आले. या घसरणीत या भीतीचा वाटा मोठा आहे, असे आमचे ठाम मत आहे.

नवा फ्लॅट बंद का राहतो: मालकाची वही

समजा, ठाणे जिल्ह्यात ८० लाखांचा फ्लॅट आहे आणि त्याला महिना २०,००० रुपये भाडे येते. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार, म्हणजे किमतीच्या ३ टक्के. मुंबई परिसरात हे प्रमाण साधारण २ ते ३ टक्क्यांतच असते.

भाडेकरू दर दोन वर्षांनी बदलला असे धरू. दोन भाडेकरूंमध्ये एक महिना घर रिकामे, एका महिन्याचे भाडे एजंटला, रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती ३०,०००. दोन वर्षांचे ७०,०००, म्हणजे वर्षाला ३५,०००. सोसायटीचा ना-वापर आकार म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज वर्षाला सुमारे ३,०००. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर घर बंद ठेवले तरी भरावाच लागतो, म्हणून तो या हिशेबात धरत नाही. राहिले २ लाख २ हजार. आता आयकर. भाड्यातून मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मालक ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर कर येतो पन्नास हजारांच्या आसपास. हातात पडतात दीड लाख.

आता दुसरी बाजू. फ्लॅटची किंमत वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली, तरी ४ लाख रुपये काही न करता वाढले. ज्याने ते घर त्या वाढीसाठी घेतले, तो दीड लाखासाठी भाडेकरू, करार, पोलिसांकडची नोंद, सोसायटीशी वाद आणि मनातली ती जुनी भीती हे सगळे अंगावर घेत नाही. कोऱ्या घराला जास्त भाव येतो, हेही त्याला पक्के ठाऊक असते. त्याला दोष देऊन उपयोग नाही. नियमच त्याला कुलूप लावायला सांगतात.

ना-वापर आकाराचेच पाहा. नाव ‘ना-वापर’ असले तरी घर नुसते बंद असेल तर तो लागत नाही, भाड्याने दिले की लागतो. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर मर्यादित केला. संपूर्ण मेंटेनन्सच्या १० टक्के नव्हे, फक्त सेवाशुल्काच्या. मालमत्ता कर, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा राखीव निधी) वगैरे त्यात धरत नाहीत. अनेक सोसायट्या आजही जास्त आकारतात आणि सभासद मुकाट्याने भरतात. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मालमत्ता करात ४० टक्के सवलत आहे, घर भाड्याने दिले की ती जाते. आयकरात दोन घरे ‘स्वतःच्या राहण्याची’ म्हणून दाखवता येतात आणि त्यांवर काहीच कर लागत नाही, मग दुसरे वर्षानुवर्षे बंद का असेना. तिसऱ्या घरापासून मात्र भाडे मिळो न मिळो, संभाव्य भाड्यावर कर भरावा लागतो. बिल्डरकडे न विकलेली घरे पडून असतील, तर इमारत पूर्ण झाल्याचा दाखला मिळालेले आर्थिक वर्ष संपल्यावर दोन वर्षे त्याला सूट असते. एकूण पाहता घर वापरात आणणाऱ्यावर छोटे छोटे दंड आहेत आणि बंद ठेवणाऱ्याला दोन घरांपर्यंत कुठेही टोचत नाही.

भीतीपुरता कायदा आहे, तो वापरत नाहीत

आजचा कायदा मालकाला समजला जातो त्यापेक्षा पुष्कळ जास्त संरक्षण देतो, म्हणून इथे थोडे थांबू.

लिव्ह अँड लायसन्सचा करार जास्तीत जास्त ६० महिन्यांचा करता येतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. हिशेब असा: २४ महिन्यांचे भाडे २०,००० प्रमाणे ४,८०,००० रुपये. परत करायच्या १ लाख डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के कल्पित व्याज, दोन वर्षांचे २०,०००. एकूण ५ लाख, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,२५० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. नोंदणी आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन होते, निबंधक कार्यालयात रांग लावावी लागत नाही.

सर्वांत जास्त चूक इथे होते. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदवायची गरज नाही’ हे महाराष्ट्रात खोटे आहे. इथे करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मोठा धोका वेगळा आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल राहणारा जे म्हणेल ते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हजार-दोन हजार वाचवायला स्टॅम्पपेपरवर करार करणारा मालक ज्याला भितो, नेमके तेच स्वतःवर ओढवून घेतो.

करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही समोरचा निघाला नाही, तर मालकाने दिवाणी दाव्याच्या वाटेला जायचे नसते. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. तिथे लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. राहणाऱ्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बचाव करण्याची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी तो ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाईला जबाबदार असतो. अडचण कायद्याच्या शब्दांत नाही, अशी प्राधिकरणे आणि तिथली माणसे अपुरी आहेत यात आहे. केंद्राने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचे डिपॉझिट, प्रत्येक जिल्ह्यात भाडे प्राधिकरण, मुदतीनंतर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे अशा त्यातल्या तरतुदी. पण घरभाडे हा राज्यांचा विषय, त्यामुळे राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो. त्याआधी किंवा त्याच सुमाराला तमिळनाडू, उत्तर प्रदेश, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी त्या धर्तीवर आपले कायदे केले. महाराष्ट्राजवळ वेगवान वाट आधीपासून आहे. तिच्यावर माणसे नेमली, निकालाला मुदत घातली आणि ती पाळली, तरी भाड्याच्या बाजारात पुष्कळ घरे येतील.

सरकारनेच बांधलेली आणि रिकामी राहिलेली

मुंबईतली सर्वांत क्लेशदायक रिकामी घरे ही. ती कोणी गुंतवणूक म्हणून घेतलेली नाहीत, लोकांसाठीच बांधली होती.

माहुलला प्रकल्पग्रस्तांसाठी सतरा हजारांच्या आसपास सदनिका उभ्या राहिल्या. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. हवेचा प्रश्न हरित लवादापुढे गेला आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले. २०२५ मध्ये महापालिकेने त्यातली काही घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास विकायला काढली, तरी प्रतिसाद थोडाच. मुंबईत साडेबारा लाखांत घर, आणि लोक नको म्हणतात! हवा, दवाखाना, शाळा आणि स्टेशनपर्यंतचे अंतर यांची किंमत घराच्या किमतीत धरायची असते, ती अशी.

विरार-बोळिंजला म्हाडाच्या कोकण मंडळाने मोठी वसाहत बांधली. हजारो घरे सोडतीतून सोडतीत फिरत राहिली, शेवटी ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ म्हणून विकायला काढावी लागली. मुख्य अडचण पाण्याची. सूर्या प्रकल्पाचे पाणी त्या भागात पोचायला २०२३ उजाडले. इमारत तीन वर्षांत उभी राहते, जलवाहिनीला दहा लागतात. जो घर बांधतो तो विभाग वेगळा, पाणी देणारा वेगळा, रेल्वे तर आणखी वेगळी.

एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, २००८ ची भाडेतत्त्वावरील घरांची योजना तर मुळात नेमक्या दुखण्यावर बोट ठेवणारी होती. विकासकाला ४ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय) द्यायचा, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम करू द्यायचे. त्यातल्या एका हिश्श्यात त्याने १६० चौरस फुटांची स्वयंपूर्ण घरे बांधून प्राधिकरणाला फुकट द्यायची, बाकीच्यात विक्रीची घरे. प्राधिकरणाने ती छोटी घरे स्वस्तात भाड्याने द्यायची. शहरात नवा आलेला माणूस झोपडीऐवजी तिथे राहील, ही कल्पना. घरे काही बांधून झाली, पण चालवणार कोण हे ठरले नव्हते. भाडे वसूल करणे, नळ गळला तर प्लंबर पाठवणे, सोडून गेलेल्याची खोली पुढच्याला देणे यासाठी लागणारे खातेच उभे राहिले नाही. पुढे योजना बदलली. पनवेलजवळ कोनची अशी सुमारे २,४०० घरे, दोन-दोन खोल्या जोडून, २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना ठरली. ताबा मिळायच्या आत करोना आला, इमारती विलगीकरणाला घेतल्या गेल्या. परत आल्या तेव्हा दारे, नळ, तावदाने यांची नासधूस झालेली, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यात आणखी वर्षे गेली. सोडतीत नाव लागलेले अनेक कामगार सत्तरीच्या पुढचे होते.

जुलै २०२० मध्ये केंद्राने अशी पडून असलेली लाखभर सरकारी घरे स्थलांतरित कामगारांना भाड्याने देण्याची योजना आणली. पुढच्या काही वर्षांत देशभरात प्रत्यक्ष भाड्याने गेली साडेपाच हजारांच्या आसपास. कारणे तीच: घरे शहराच्या टोकाला, दुरुस्तीअभावी मोडकळलेली, आणि जिथे काम आहे तिथून लांब. नाक्यावर उभा राहून रोजचे काम मिळवणारा मजूर सकाळी सातला नाक्यावर असला पाहिजे. दीड तासाच्या प्रवासाने त्याचा रोजगारच बुडतो, मग खोली फुकट दिली तरी तो घेणार नाही.

जमीन: ‘मोकळी’ या एका शब्दाचा खेळ

रिकामी मालमत्ता म्हणजे घरेच असे नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बंद गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मध्यावर पडून राहिली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने साधारण तीन वाटे ठरवले: एक मालकाला, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी. २००१ च्या दुरुस्तीने म्हटले, वाटे पाडायचे ते गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचेच. ज्या जमिनीवर शेड उभे आहे, ती शेड पाडले तरी वाटपात येणार नाही. गिरणी म्हणजे तर शेडच! म्हाडाचा आणि उद्यानाचा वाटा आक्रसून थोडासा उरला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ही दुरुस्ती कायम ठेवली. परवडणाऱ्या घरांसाठी मुंबईच्या मध्यभागी एवढी जमीन पुन्हा मिळणार नाही. धोरण वाचताना व्याख्यांचे कलम आधी वाचावे, ते यासाठी.

त्याआधीचा प्रयोग १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा. मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन एकाकडे राहू द्यायची नाही, जादा जमीन सरकारने घेऊन घरे बांधायची. पण कायद्यातच सवलतींची कलमे होती, आणि जमिनी सवलतीत किंवा खटल्यांत अडकल्या. हाती आलेल्या थोड्या, बाजारातून गेलेल्या पुष्कळ. महाराष्ट्राने २९ नोव्हेंबर २००७ ला तो रद्द केला.

आता चालू असलेला मार्ग म्हणजे मोठ्या प्रकल्पातला २० टक्के वाटा. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्याने तेवढी घरे अत्यल्प-अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची, ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. कल्पना चांगली, कारण घरे वस्तीत आणि सोयींत असतात. पळवाटही उघड आहे: जमिनीचे ३,९०० चौरस मीटरचे तुकडे पाडायचे. त्यामुळे अट भूखंडाला न लावता मूळ सात-बाऱ्याच्या एकत्रित क्षेत्राला लावावी.

रिकाम्या घरावर कर: किती आणि कसा

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून हा कर लावला. घर मालकाचे मुख्य निवासस्थान नसेल आणि वर्षात किमान सहा महिने भाड्यानेही दिलेले नसेल, तर मूल्याच्या १ टक्का. पुढे तो ३ टक्क्यांवर नेला. मालक वारला, परवानगी घेऊन दुरुस्ती चालू आहे, मालक उपचारासाठी बाहेर आहे अशांना सूट. खरी युक्ती तपासणीची आहे. प्रत्येक घरमालकाने दरवर्षी स्वतः घोषणा करायची. केली नाही तर घर रिकामे धरले जाते. सिद्ध करण्याचा भार पालिकेवरून मालकावर गेला. जमा होणारा पैसा परवडणाऱ्या घरांसाठी.

आपल्या ८० लाखांच्या फ्लॅटला १ टक्का लावून पाहा. वर्षाला ८०,०००. भाड्याने दिले तर दीड लाख हातात, बंद ठेवले तर ऐंशी हजार खिशातून. दोन्हींतले अंतर २ लाख ३० हजारांवर गेले. एवढ्याने सगळी नाही, पण काठावरची पुष्कळ घरे उघडतील.

मुंबईत घर बंद आहे हे ओळखायचे कसे? पाण्यावरून नाही, कारण पाण्याचे बिल बहुतेक ठिकाणी अख्ख्या सोसायटीला येते. वीज मात्र घरागणिक मोजली जाते. सहा महिने जवळजवळ शून्य युनिट वापर ही पहिली खूण, पाइप गॅस असेल तर ती दुसरी, सोसायटीचा रजिस्टर तिसरी. तिन्ही जुळली तरच नोटीस पाठवावी, कारण मुलीकडे अमेरिकेत सहा महिने गेलेल्या आजीआजोबांचे घर यात सापडता कामा नये. म्हणून एका कुटुंबाचे पहिले घर कराबाहेर आणि ताबा मिळून दोन वर्षे व्हायच्या आत नोटीस नाही, असे दोन नियम आधी लिहावेत.

या कराचा मसुदा गोव्यात जसाच्या तसा चालणार नाही. तिथे बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेतलेले फ्लॅट बंद असतात, त्यांना कर योग्यच. पण गावातली जुनी घरे वेगळ्या कारणाने ढासळतात. तिथल्या नागरी संहितेप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता अर्धी-अर्धी आणि वारसांचे हिस्से ठरलेले. दोन पिढ्यांत एका घराला वीस-पंचवीस नावे लागतात, त्यातली काही पोर्तुगालात, काही इंग्लंडात. सगळ्यांना बोलावून इन्व्हेंटारीची, म्हणजे वारसांत वाटणी करण्याची न्यायालयीन, कार्यवाही पुरी होईपर्यंत कोणी कौले शाकारत नाही. तिथे कर बसवला तर तो भरणार कोण? त्या घरांना लागते ती वाटणीची स्वस्त आणि जलद सोय.

उघडलेले घर गरिबापर्यंत कसे पोचेल

कराने कुलूप निघाले, तरी भाडे २०,००० च राहणार. म्हाडाच्या निकषांत मुंबई परिसरात वर्षाला ६ लाखांपर्यंतचे कुटुंब अत्यल्प उत्पन्न गटात येते. महिना २५,००० मिळवणाऱ्या कुटुंबाला भाड्यावर ७,५०० पेक्षा जास्त घालवता येत नाही. भाड्याची घरे वाढली की वरच्यांची गर्दी हलते आणि खालच्या खोल्यांची भाडी थोडी सैल पडतात, हे खरे. पण ते सावकाश होते.

मधला मार्ग आहे आणि पॅरिसने तो २००७ पासून चालवला आहे: संस्थेने मालकाकडून घर भाड्याने घ्यायचे, भाड्याची हमी द्यायची आणि गरजू कुटुंबाला कमी भाड्याने द्यायचे. आपल्याकडचा हिशेब मांडू. बाजारभाव २०,०००. एजंट नाही, मधला रिकामा महिना नाही, परत मिळण्याची हमी, म्हणून मालक १६,००० घेईल. कुटुंब देईल ७,५००. तूट महिना ८,५००, वर्षाला १,०२,०००. दहा हजार घरांना वर्षाला १०२ कोटी, अधिक दुरुस्तीचा निधी आणि चालवणाऱ्या माणसांचे पगार. नव्या इमारतीसाठी थांबावे लागत नाही, आणि घरे शाळा-स्टेशनच्या जवळ असतात. हे बिघडते दोन ठिकाणी: मालकाला भाडे वेळेवर गेले नाही तर वर्षभरात घरे परत जातात, आणि दुरुस्ती कोणाची हे करारात घर-नळ-वायरिंगनिहाय लिहिले नसेल तर भांडणे होतात. एमएमआरडीएच्या योजनेत जे खाते नव्हते, ते इथे पहिल्या दिवसापासून लागते.

राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणाने २०३० पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ३५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे, त्यात भाड्याच्या घरांचाही विचार आहे. बांधायला हवीतच. पण त्याआधी एक काम प्रत्येक महापालिका येत्या वर्षीच करू शकते, तेही पैसे न घालता: मालमत्ता कराच्या बिलासोबत जाणाऱ्या फॉर्मवर एक ओळ वाढवायची. ‘गेल्या बारा महिन्यांत या घराचा वापर: स्वतः / कुटुंबीय / भाड्याने / बंद. बंद असल्यास कारण.’ कारणासाठी पाच चौकटी: पुनर्विकासाची वाट, वारसाचा वाद, दुरुस्ती, विक्रीसाठी ठेवले, भाड्याने द्यायची भीती. वॉर्डनिहाय ही उत्तरे एकत्र आली, की कुठे कर लावायचा, कुठे प्राधिकारी नेमायचा आणि कुठे पुनर्विकासाची फाइल हलवायची, हे त्या कागदावरूनच दिसेल.